शि. सा. न. वि. वि.

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

सोलापूरच्या घरी तारेत ओवलेल्या पत्रांचे फोटो पाहून तू विचारलंस, "सगळीकडे शि. सा. न. वि. वि. आणि 'इकडील क्षेम'. आठवण येते असं कुणीच लिहीत नाही. तुमच्यात प्रेम नव्हतं का?" जरा लागलं. अगं, बाळीवेशीत कार्ड आलं की अण्णा ते मोठ्यानं वाचत, शेजारचेही ऐकत. त्यात कोण काय लिहिणार?

हा मायना, म्हणजे 'शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष', पेशवाईतल्या पत्रांपासून चालत आलेला. तेव्हाही पत्र खाजगी नसेच. थोरांची पत्रं कारकून लिही. आधी पानाच्या रुंदीभर शिरोरेघ, मग बोरूनं तिच्याखाली मोडी अक्षरं, दोन शब्दांत जागा न सोडता. शाई ओली असताना वर वाळू. मालक बरेचदा शेवटचं 'बहुत काय लिहिणे' तेवढं स्वतःच्या हातानं लिही. घरचे आधी ते वळण शोधत असतील, असं आपलं मला वाटतं.

आणि तारीख कुठे असे, माहितेय? कुशल सांगण्याच्या वाक्यातच. 'येथील कुशल छ २५ रमजान पर्यंत जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे.' छ म्हणजे चंद्र, त्या महिन्यातला दिवस. त्या दिवसापर्यंत आम्ही बरे आहोत, पुढचा भरवसा नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं तेव्हा नानासाहेब पेशवे स्वतः उत्तरेकडे निघालेले होते, तरी भेलशाजवळ (आजच्या विदिशाजवळ) त्यांना बातमी कळायला दहाएक दिवस गेले. पुण्यात वाट बघणाऱ्यांचं काय झालं असेल! साल मात्र पुष्कळदा घालतच नसत, घरच्यांना ते ठाऊकच असायचं. आता अभ्यासक तिथी, वार आणि मजकूर जुळवत बसतात.

एवढी बाजू घेतली, पण सगळं काही मला पटत नाही. नवरा असलेली ती सौभाग्यवती, गेला की 'गंगाभागीरथी'. म्हणजे बाईला हाक मारण्याआधीच तिचं दुःख लिहायचं. आक्काआजीच्या प्रत्येक कार्डावर 'गं. भा.' आहे, आणि ती लिहिणारी सगळी तिच्यावर जीव टाकणारी माणसं. तू आजीला लिहिलंस तर नुसतं 'आजी' लिही. नाही लिहिलंस तरी हरकत नाही, फोन आहेच.

बाबा