पुनीत रंजन यांची वाटचाल जरूर बघ

आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) नुकतीच लागलीय तुझी, तर डेलॉइट या हिशेब तपासणाऱ्या (ऑडिट) आणि व्यवसाय-सल्ला देणाऱ्या (कन्सल्टिंग) जागतिक नेटवर्कच्या पुनीत रंजन यांच्याबद्दल वाच. रोहतकहून रोटरीच्या शिष्यवृत्तीवर ते ओरेगॉनच्या विलामेट विद्यापीठात गेले, १९८९ साली, पुढे डेलॉइटमध्ये विलीन झालेल्या टूश रॉस या फर्ममध्ये लागले आणि २०१५ ते २०२२ डेलॉइटचे जागतिक सीईओ होते. तेही ऑडिटमधून नव्हे, कन्सल्टिंगमधून! मला याचं फार अप्रूप वाटतं.

डेलॉइटसारखं नेटवर्क म्हणजे एकच कंपनी नसते, हे आधी समजून घे. देशोदेशीच्या फर्म कायद्याने वेगळ्या, भागीदार वेगळे. वरच्या माणसाला नुसता हुकूम सोडून भागत नाही, पटवून द्यावं लागतं. म्हणून ताळेबंद पक्का करच, पण क्लायंटच्या गोदामात स्टॉक मोजायला जाशील तेव्हा स्टोअरकीपरशी निवांत बोल. व्हाउचरमध्ये न दिसणारं बरंच काही तो सांगतो.