होडीचा नांगर आणि शेताचा नांगर

प्रश्न : माझे आजोबा मालवणजवळच्या एका वाडीत लहान लाकडी होडी बाळगून होते. त्यांच्या बोलण्यात नाळ, उलांडी, नांगर, शाकारणे असे शब्द नेहमी येत. त्यांचे नेमके अर्थ कोणते, आणि होडीचा नांगर व शेताचा नांगर हा एकच शब्द आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हे दोन नांगर मुळात वेगळे आहेत. शेताचा नांगर संस्कृत ‘लाङ्गल’ या शब्दापासून आला, तर होडीचा नांगर हे फारसी ‘लंगर’चे मराठी रूप आहे, दोन्ही शब्दांच्या आरंभी ‘ल’ होता आणि मराठीत दोहोंचाही ‘न’ झाल्यामुळे ते ऐकायला एकसारखे झाले. शेत नांगरले म्हणजे जमीन उकरली आणि होडी नांगरली म्हणजे ती जागीच थांबवली, इतके अंतर एकाच क्रियापदात सामावले आहे. सुकाणू हा शब्दही अरबी ‘सुक्कान’वरून आला आहे आणि नाखवा म्हणजे फारसी ‘नाखुदा’, नावेचा धनी.

नाळ म्हणजे होडीचे पाणी कापत जाणारे पुढचे टोक.

उलांडी मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. होडी अरुंद असल्यामुळे लाटेबरोबर कलंडण्याचे भय असते, म्हणून तिच्या एका अंगाला दोन काठ्या आडव्या बाहेर काढून त्यांच्या टोकांना होडीला समांतर असा हलक्या लाकडाचा ओंडका बांधतात. होडी त्या बाजूला कलली की पाणी ओंडक्याला वर रेटते आणि विरुद्ध बाजूला कलली की ओंडक्याचे वजन तिला परत खाली ओढते. ही बांधणी खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने केली, तर ती लाटेसरशी थोडी हलते, पण मोडत नाही. ही योजना मला फार शहाणपणाची वाटते.

शाकारणे हा शब्द घराच्या छपराकडून आला. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीवर माडाच्या झावळ्यांचे आच्छादन घालतात, म्हणून होडीही शाकारली जाते.

इंजिने आल्यावर लहान होड्यांवरून शीड आणि डोलकाठी गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या दोऱ्यांची नावेही मागे पडली. उलांडीच्या त्या आडव्या काठ्यांना आपल्या आजोबांच्या वाडीत काय म्हणत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आम्हांला अवश्य कळवावे.