टोकियोहून चिचिजिमा बेटावर राहायला जायचे तर किती दिवस हाताशी ठेवावेत?

किमान ६ दिवस ठेवावेत, कारण ओगासावारा द्वीपसमूहातील या बेटावर विमानतळ नाही आणि टोकियोच्या ताकेशिबा धक्क्यावरून सुटणारी ‘ओगासावारा मारू’ ही बोट सुमारे १,००० किलोमीटरचे अंतर कापायला २४ तास घेते. वेळापत्रकानुसार ती बेटावर सहसा तीन रात्री थांबूनच परत फिरते. त्यामुळे चार दिवसांत उरकण्याचा बेत जमत नाही. तंबू ठोकून राहण्यास मनाई असल्याने खोली आधीच पक्की करावी, आणि शाकाहारी असल्यास तेव्हाच कळवावे, कारण साध्या दिसणाऱ्या मिसो सूपमध्येही (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे सूप) बहुधा माशाचा अर्क असतो. मात्र उन्हाळ्याच्या गर्दीत फेऱ्या वाढून मुक्काम आखडतो, तर वादळात बोट लांबणीवर पडते. म्हणून बोट टोकियोला परतते त्याच संध्याकाळचे तिथून घरी जायचे विमान घेऊ नये.