स्वतःच्याच पेशींपासून केलेल्या कर्करोगावरील उपचाराचे दुष्परिणाम खरोखरच नसतात का?

आपण विचारले आहे की, वडिलांना गालाच्या आतील कर्करोग झाला असून नागपूरच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया व त्यानंतर रेडिएशन सुचवले आहे. मात्र एका मोठ्या शहरातील खासगी केंद्र त्यांच्याच रक्तातील प्रतिकारपेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, सहा डोसांत परत देण्याची तयारी दाखवते आणि 'पेशी स्वतःच्या, म्हणून साइड इफेक्ट शून्य' असे सांगते. मी कर्करोगतज्ज्ञ नाही, यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी आहे. परंतु औषधाच्या प्रतिक्रियांची नोंद ठेवणे हा माझ्या कामाचाच भाग असल्याने एवढे ठामपणे सांगू शकतो की हा दावा खरा नाही.

त्रास पेशी काढण्यापासूनच सुरू होऊ शकतो. त्यासाठी काही तास रक्त यंत्रातून फिरवावे लागते आणि ते गोठू नये म्हणून वापरलेल्या सायट्रेटमुळे रक्तातील कॅल्शियम उतरून ओठांना व बोटांना मुंग्या येतात, कधी रक्तदाबही खाली येतो. पुढे पेशी कित्येक दिवस पोषक द्रवात वाढवल्या जातात. ज्या द्रवात पेशी वाढतात त्यात जंतूही वाढतात, त्यामुळे प्रत्येक खेपेची निर्जंतुकता तपासणे अनिवार्य ठरते. आमच्याकडे एका रुग्णाचे नातेवाईक अशाच उपचाराची फाइल घेऊन आले होते. त्यातील पावतीवर 'सेल थेरपी, डोस 2' एवढेच लिहिलेले होते. बॅच क्रमांक, पेशींची संख्या, साठवणीचे तापमान यांपैकी काहीही नव्हते. आम्ही साध्या सलाईनची बाटलीसुद्धा बॅच क्रमांकाशिवाय स्वीकारत नाही.

डोस दिल्यानंतर त्याच दिवशी थंडी वाजून ताप येणे, अंग मोडून येणे, थकवा, टोचलेल्या जागी सूज हे परिणाम सर्वाधिक आढळतात. छोट्या अभ्यासांत ते बहुधा सौम्य नोंदवलेले आहेत, हे मान्य करायला हवे. माझी काळजी निराळी आहे. 'ताप म्हणजे प्रतिकारशक्ती जागी झाली' असे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले असते. मग रक्तात जंतुसंसर्ग होऊन आलेला तापही शुभलक्षण समजून क्रोसिनवर काढला जातो, आणि गावातून 108 बोलावण्याचा विचार होईपर्यंत रक्तदाब कोसळलेला असतो.

शिवाय पेशींसोबत आणखी काय दिले जाते, हे अवश्य विचारावे. इंटरल्यूकिन-2 (प्रतिकारपेशींना चेतवणारे प्रथिन) मोठ्या मात्रेत दिल्यास केशवाहिन्यांतून पाणी झिरपून अंगावर सूज येते, रक्तदाब घसरतो आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. निवोलुमॅबसारखे इंजेक्शन असेल, तर चेतवलेली प्रतिकारशक्ती आतडे, फुप्फुस, यकृत किंवा थायरॉइडवरच उलटू शकते, तेही काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. अशा जुलाबांना अनेकदा स्टेरॉइड द्यावे लागते. इंजेक्शनची माहिती नसलेला गावचा डॉक्टर मात्र ओआरएस आणि अँटिबायोटिक देऊन मोकळा होईल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. पेशी दुसऱ्या दात्याच्या असतील, तर 'स्वतःच्या' हा युक्तिवादच उरत नाही.

तरीही आपल्या वडिलांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका मला उशिराचा वाटतो. खर्ऱ्यामुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्या विदर्भात घरोघरी माहीत आहे. आज जी गाठ काढता येते ती सहा डोस संपेपर्यंत जबड्यात किंवा मानेत पसरली, तर तो या उपचाराचाच परिणाम मानावा लागेल, मग कागदावर कोणी काहीही लिहो. चीनमध्ये 2016 मध्ये एका 21 वर्षांच्या विद्यार्थ्याचा अशाच पेशी-उपचारावर कुटुंबाची जमापुंजी खर्च झाल्यानंतर कर्करोगाने मृत्यू झाला आणि तेथील सरकारला चौकशी करावी लागली होती.

इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या आधारे केलेला उपचार, सरसकट खोटी नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, डोके व मानेचा कर्करोग पुढच्या अवस्थेत गेलेल्या रुग्णांना तोंडाने घ्यायच्या औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी केवळ 20 मिलिग्रॅम निवोलुमॅब दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेले. तेथे तुलनेसाठी दुसरा गट होता आणि दुष्परिणामांची मोजदाद होती.

केंद्राला क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा (रुग्णांवरील चाचण्यांच्या अधिकृत नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक लेखी मागावा. ते याला संशोधन म्हणत असतील तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घेता येत नाही. त्यासाठी वावर गहाण ठेवण्याची वेळ येत असेल तर तिथेच थांबावे. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलेली शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे त्याच रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

एखादा डोस आधीच झाला असेल आणि 100.4 अंशांवर ताप, धाप किंवा वारंवार जुलाब सुरू झाले, तर सकाळची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे, ड्यूटीवरील डॉक्टरांना पेशी दिल्याची तारीख सांगावी आणि केंद्राचा असेल नसेल तो कागद दाखवावा. नंतर ही प्रतिक्रिया औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर आपण स्वतःही नोंदवू शकता.