लागण किती, नोंद किती?

प्रश्न वाळवा तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. पेपरात ‘तालुक्यात नऊ जणांना डेंग्यूची लागण’ असं छापून आलं आणि त्यांच्या एका गल्लीतच घरोघरी तापाची माणसं. त्या विचारतात, ‘लागण’ म्हणजे नक्की काय? ‘बाधित’, ‘रुग्ण’, ‘संशयित’ म्हणजेही तेच का?

तेच नाही. आणि ताईंची शंका जितकी शब्दाची, तितकीच हिशेबाची आहे.

आपल्याकडे लागण म्हटलं की आधी ऊस. आडसाली लागण, सुरू लागण. उसाची लागण आपण ‘करतो’, रोगाची ‘होते’, एवढाच फरक, क्रियापद ‘लागणे’च. कांडं सरीत दाबलं की लागण झाली, कोंब दिसायला वेळ असतो. रोगाचंही तसंच. डास चावला, विषाणू अंगात रुजला की लागण झाली. मग ताप येवो न येवो. ताप येऊन माणूस आडवा झाला की तो ‘रुग्ण’. ताप न आलेल्यालाही ‘बाधित’ म्हणणं मला खटकतं. विषबाधा म्हणा, भूतबाधा म्हणा, बाधेत त्रास गृहीत आहे. ज्याला काहीच झालं नाही तो बाधित कसला? पण कोविडने हा शब्द रुळवला, आता तो काही जात नाही.

आता नोंद. चिटबॉयने, म्हणजे कारखान्याच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाने, लागणीची नोंद घेतली नाही म्हणून वावरातला ऊस नाहीसा होत नाही. पेपरातले नऊ जण हा नोंदीचा ऊस.

माझ्याच घरचं सांगतो. गेल्या भादव्यात धाकट्याला ताप, डोळ्यांमागे ठणका, अंगावर पुरळ. खासगी लॅबमध्ये झटपट तपासणीच्या पट्टीवर एनएस-१, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी, पॉझिटिव्ह आली. पण सरकारी हिशेबात पट्टीवरचा निकाल पक्का धरत नाहीत, एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते. म्हणजे पोरगा ‘निश्चित’च्या रकान्यात गेलाच नाही. बायकोला दोन दिवस कणकण होती, पॅरासिटामॉल घेऊन ती कामाला लागली. ती तर कुठल्याच कागदावर नाही.

हे जगभर असंच आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता, की डेंग्यूच्या वर्षाला 39 कोटी लागणी होतात आणि त्यांतल्या साधारण 9.6 कोटींमध्येच आजार दिसून येतो. चारांत एक. चिकुनगुन्याच्या 2006 च्या साथीत आपल्या देशात संशयित, म्हणजे लक्षणांवरून धरलेले, जवळपास 14 लाख होते, प्रयोगशाळेत पक्के ठरलेले दोन हजारांच्या आसपास. दोन्ही आकडे खरे, पण एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

मग खरी लागण मोजायची कशी? पीक कापणी प्रयोगासारखी. अख्खं शिवार कोणी कापून बघत नाही. चिठ्ठ्या टाकून प्लॉट निवडतात, तेवढंच कापून तोलतात आणि त्यावरून गावाचं उत्पादन ठरवतात. इथे घरं निवडायची, आजारी नसलेल्यांचंही रक्त घ्यायचं आणि त्यात प्रतिपिंडं, म्हणजे लागणीनंतर शरीराने रोगाविरुद्ध तयार केलेली प्रथिनं, शोधायची. यातून येतो तो ‘अंदाज’. पण हा पारावरचा अंदाज नव्हे, मोजून काढलेला.

तेव्हा ताई, ती बातमी ‘डेंग्यूच्या नऊ रुग्णांची नोंद’ अशी हवी होती. मथळा थोडा लांबतो आणि कॉलमात बसवताना उपसंपादक वैतागतो, हे मान्य.