चाचणीशिवाय रंग नाही

प्रिय मुली,

तुझे पत्र वाचून मी अस्वस्थ झाले. समारंभ दुसऱ्या दिवशी होता, त्या बाईंना भुवयांना टिंट, म्हणजे रंग, लावून हवा होता, आधी पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर रंगाचा ठिपका लावून पाहायची चाचणी, झालेली नसल्यामुळे तू नकार दिलास, त्या रागावून निघून गेल्या आणि पार्लरच्या मालकीणबाईंनी सर्वांसमोर तुला सुनावले. आपले काही चुकले का, असे तू विचारतेस. चुकले, पण तुला वाटते तिथे नाही. रंगाला नकार दिलास ते योग्यच केलेस. मात्र त्यांना तशाच जाऊ दिलेस, हे मला पटले नाही. थ्रेडिंग करून आकार नीट करता आला असता, विरळ जागा पेन्सिलने किंवा पावडरने भरून देता आल्या असत्या, आणि समारंभापुरते त्यांचे काम झाले असते. नकार देणाऱ्या हाताने दुसरे काहीतरी पुढे करायचे असते, एवढे तरी तुला सुचायला हवे होते.

आता मूळ मुद्दा. ‘मी वर्षानुवर्षे केसांना रंग लावते, मला कधी काही झाले नाही,’ असे त्या म्हणाल्या आणि तुझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर असे आहे की आजवर काही झाले नाही, यावरून उद्या काही होणार नाही असे ठरत नाही. भुवयांच्या अनेक टिंटमध्ये पॅरा-फेनिलीनडायामाइन (पीपीडी) हे रंगद्रव्य किंवा त्याच्याच कुळातले टोल्युइन-डायामाइन असते. शरीर अशा द्रव्याची ओळख गुपचूप करून घेते. त्या वेळी बाहेर काहीच दिसत नाही, आणि पुढच्या एखाद्या वेळी त्याच रंगाने पापण्या सुजून डोळे उघडेनासे होतात. हातावर काढल्या जाणाऱ्या तात्पुरत्या काळ्या ‘मेंदी’च्या नक्षीतूनही ही ओळख होऊ शकते, कारण तिच्यात पुष्कळदा हेच द्रव्य मिसळलेले असते. एकदा जडलेली ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते. शिवाय ती काही मिनिटांत दिसत नाही, एकदोन दिवसांनी उमटते. म्हणून तर कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून ४८ तास थांबायचे. दहा मिनिटांत ‘काही झाले नाही ना’ असे विचारून जी रंग लावायला घेते, तिने चाचणी केलेलीच नसते.

डब्यावर ‘पीपीडी नाही’ असे छापलेले असले तरीही चाचणी करायची, कारण एका द्रव्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्याच्या भावंडाचीही असू शकते. चाचणीमुळेच शरीर संवेदनशील होण्याचा धोका असतो, असे काही त्वचातज्ज्ञ म्हणतात; ही शंका खरी आहे, आणि म्हणूनच ठिपका लहान ठेवायचा व उत्पादकाच्या पत्रकाप्रमाणेच लावायचा. चाचणी निर्धोक निघाली म्हणजे पुढेही काही होणार नाही, याची हमी मिळत नाही. तरीही चाचणीशिवाय रंग नाही.

डोक्याच्या केसांचा रंग भुवयांना लावण्याची सवय तुमच्या इथे दिसते, असे तू ओझरते लिहिले आहेस. ते वाचून मला राग आला. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास पापण्या आणि भुवया रंगवण्याच्या एका उत्पादनामुळे एका स्त्रीची दृष्टी गेली. तिथला सौंदर्यप्रसाधनांचा कायदा १९३८ साली झाला, त्यामागच्या प्रकरणांत हेही एक होते. हा रंग भुवयांना किंवा पापण्यांना लावू नये, लावल्यास अंधत्व येऊ शकते, असा इशारा केसांच्या रंगाच्या वेष्टनावर असावा हे त्या कायद्यातच लिहिलेले आहे. इतक्या जुन्या धड्यानंतरही कोणी डोळ्यापासून बोटभर अंतरावर तो रंग लावत असेल, तर तिथे तू ब्रश हातात घेऊ नकोस.

आकाराबद्दल फार लिहीत नाही, तुझा हात मला ठाऊक आहे. एवढेच कर की, रंग आणि थ्रेडिंग दोन्ही असतील तेव्हा रंग आधी लाव, कारण दोरा फिरलेली त्वचा सोललेल्यासारखी हुळहुळी असते. काही केस राखायचे असतील तर ते ठरवून ठेव, आणि शेवटची पाहणी ग्राहकाला सरळ बसवून कर. आडवे झाल्यावर त्वचा सरकते आणि डोळ्यांना फसवते. जास्त निघालेला केस परत यायला काही महिने लागतात, पण निदान बहुधा येतो.

हट्टी म्हणून माझी ख्याती आहे, हे तुझ्या कानावर आले असेलच. या एका नियमापायी मी चांगले चाललेले काम सोडले, भागीदारीत असलेली मैत्रीण दुरावली, आणि कितीतरी ग्राहक शेजारच्या दाराने आत गेले ते परत आलेच नाहीत. त्या मैत्रिणीची आठवण आजही येते आणि फार वाईट वाटते. पण नियम मोडून ती राहिली असती तर बरे झाले असते, असे मला एकदाही वाटलेले नाही. लोक म्हणतात, थोडे जुळवून घ्यायला हवे होते. कशाशी? समोरच्या खुर्चीत बसलेली बाई डोळे मिटून चेहरा आपल्या हाती सोपवते. तिच्या वतीने धोका पत्करण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? मी जुळवून घेतले नाही, ते योग्यच केले.

तू नवी आहेस, पगार तुझ्या गरजेचा आहे, मालकीणबाईंना उलटून बोलता येत नाही, हे सगळे मला समजते. म्हणून भांडू नकोस, व्यवस्था लाव. भुवयांच्या कामासाठी जी येईल तिला त्याच दिवशी विचार, पुढे कधी रंग हवा आहे का. हवा असेल तर तिथल्या तिथे ठिपका लाव, आणि वहीत तारीख, टिंटचे नाव व छटा लिहून तिची सही घे. टिंट बदलला किंवा मध्ये बराच काळ गेला, तर पुन्हा चाचणी. चेहऱ्यासाठी त्वचा नाजूक करणारे रेटिनॉइड मलम किंवा मुरुमांच्या गोळ्या घेते का, हेही त्याच पानावर विचार, म्हणजे वॅक्सिंगने त्वचा निघण्याचा प्रसंग येणार नाही. अशी वही दिसली की मालकीणबाईही नरमतील, कारण ती त्यांच्याही बचावाची आहे.

आणि त्या बाईंना उद्याच फोन कर. दिलगिरी नकाराबद्दल नको, नुसते परत पाठवल्याबद्दल व्यक्त कर. पुढच्या समारंभाची तारीख विचार, आणि त्याआधी ठिपका लावण्यासाठी त्यांना बोलाव.

तुझी,
ताई