मोजपट्टीसमोरची मुलं

शाळांमधून मुलं तपासण्यात माझी सारी नोकरी सरली, हे कळल्यापासून उंची-वजनाची पत्रं माझ्याकडेच वळवली जातात. या वेळी त्यांचीच उत्तरं देते.

प्रश्न : शाळेचं जुनं कपाट आवरताना उंची-वजनाच्या नोंदवह्यांचा गठ्ठा सापडला. नाव, आकडा, सही. सहा महिन्यांनी पुन्हा आकडा, पुन्हा सही. ही मोजमापं मुळात कुणी आणि कशासाठी सुरू केली? आणि या वह्यांचं करू काय? रद्दीवाला दारात उभा आहे.
— एक शिक्षिका

बाई, आधी रद्दीवाल्याला परत पाठवा. का, ते पुढे येईलच.

आता सुरुवातीबद्दल. मुलांच्या कौतुकापोटी मोजपट्टी उभी राहिली असं तुम्हाला वाटत असेल तर निराशा होईल. लंडनमध्ये १७५६ साली मरीन सोसायटी नावाची संस्था निघाली. गरीब मुलांना अंगभर कपडे द्यायचे आणि जहाजावर कामाला पाठवायचं, हा तिचा उद्योग. भरतीच्या वेळी प्रत्येक मुलाची उंची लिहून घेत. विसाव्या शतकात इतिहासकारांनी त्या वह्या उघडल्या, तेव्हा १७७०-८०च्या सुमारास तेरा वर्षांची ती मुलं सरासरी जेमतेम सव्वाचार फूट भरली. आज साडेआठ-नऊ वर्षांचं निरोगी मूल तेवढं असतं. साधारण त्याच काळात जर्मनीत श्टुटगार्टला ड्यूक कार्ल ऑयगेन यांच्या निवासी शाळेत (कवी शिलर तिथेच शिकला) मुलांची उंची ठरावीक काळानं नोंदवली जाई. त्या नोंदींतही उमरावांची मुलं त्याच वयाच्या मध्यमवर्गीय मुलांपेक्षा उंच निघाली. पोटात काय जातं हे पट्टीला कळत होतं. ते वाचायला मात्र कुणी बसलं नव्हतं.

मग आल्या गिरण्या. ब्रिटनच्या १८३३च्या कायद्यानं बहुतेक कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला बंदी झाली आणि नऊ ते तेरा वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा आली. कायदा झाला, पण मुलाचं वय सांगणार कोण? इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १८३७ साली. घरच्यांना मजुरी हवी, मालकाला स्वस्तातले हात हवेत. वय वाढवून सांगण्यात दोघांचंही भलं. तेव्हा डॉक्टर मुलाचा बांधा आणि उंची बघून वयाचा दाखला देत. यातली गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. उपासमारीनं खुंटलेलं मूल कागदावर लहान ठरायचं आणि त्याचे तास वाचायचे. चांगल्या हाडाचं मूल मात्र वयाआधीच मोठं ठरून जुंपलं जायचं. १८३७ मध्येच एडविन सॉन्डर्स या दंतवैद्यानं उंचीपेक्षा दातांवरून वय जास्त नेमकं सांगता येतं असं दाखवून दिलं, ते या गोंधळामुळेच.

शाळेत डॉक्टर आले तेही सैन्याच्या काळजीतून. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी ब्रिटनमध्ये भरतीला आलेले कितीतरी तरुण शरीरानं नापास झाले. सरकार हादरलं, समिती बसली, १९०४ला तिचा अहवाल आला. १९०६ला शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला आणि १९०७ला वैद्यकीय तपासणीचा. जपानात तर १९०० पासून शाळकरी मुलांच्या उंची-वजनाची देशभरची आकडेवारी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत तो आलेख चक्क खाली वाकतो. तिथे १९३७ पासून मुलांना बसवूनही उंची मोजत असत. ती प्रथा बंद झाली २०१५चं शैक्षणिक वर्ष संपल्यावर. सरकारी रकाना एकदा छापला की त्याला मरण नसतं, हे मी नोकरीत पुरेपूर पाहिलंय.

या सगळ्यात एक माणूस मला मनापासून आवडतो. फ्रान्समधला गेनो द माँबेयार. त्याला १७५९ साली मुलगा झाला. साधारण दर सहा महिन्यांनी तो त्याची उंची लिहीत गेला, थेट १७७७ पर्यंत. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ हा त्याचा मित्र; त्यानं ती मापं आपल्या ग्रंथाच्या पुरवणीत छापली. पुढे १९२७ साली रिचर्ड स्कॅमन यांनी जुन्या फ्रेंच मापांचं सेंटीमीटरमध्ये रूपांतर करून आलेख काढला. बाळपणीचा झपाटा, मग संथ वाढ, मग वयात येतानाची उसळी, सगळं त्या एका मुलाच्या रेषेत स्वच्छ दिसतं. हजारो मुलं एकेकदा मोजून जे हाती लागत नव्हतं, ते एकच मूल पुन्हा पुन्हा मोजून सापडलं.

तुमच्या वह्यांत तेच मूल पहिलीत, दुसरीत, पाचवीत आहे. म्हणून म्हटलं, ठेवा. मुलांची नावं मात्र बाहेर जाऊ देऊ नका.

प्रश्न : मला बारा वर्षांची जुळी आहेत, मुलगा आणि मुलगी. दहाव्या वर्षापर्यंत दोघं बरोबरीनं वाढली. आता ती त्याच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच आहे आणि तो तिच्याशेजारी फोटोला उभा राहत नाही. त्याची वाढ थांबली का?
— एक आई

थांबलेली नाही, त्याची वेळ यायची आहे. वयात येताना उंचीची उसळी मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षी टोकाला जाते, मुलांमध्ये चौदाव्या. तुमच्या घरात सध्या एकीची चालू आहे, दुसऱ्याची सुरूही झालेली नाही.

ही साधी गोष्ट शास्त्राला कळायलाही वेळ लागला. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले हे सरासरीचे मोठे भक्त. १८३५ साली त्यांनी माणसाच्या वाढीची जी रेषा काढली, ती जन्मापासून हळूहळू मंदावत जाते. मधली उसळी तिच्यात गायबच. प्रत्येक मूल वेगळ्या वर्षी उसळी घेतं. सगळ्यांची सरासरी काढली की एकाची चढण दुसऱ्याच्या सपाटीत मुरून जाते. पुढे बोस्टनमध्ये हेन्री बाउडिच यांनी १८७५ साली शाळांमधून सुमारे साडेचोवीस हजार मुलंमुली मोजली. त्यात बारा ते चौदाच्या सुमारास मुली मुलांच्या पुढे जातात, हे आकड्यांत स्पष्ट उतरलं. इटलीत पालियानी यांनी मुलींची मापं पुन्हा पुन्हा घेतली, तेव्हा उंचीचा जोर ओसरू लागल्यावर पाळी येते, असं दिसलं.

पण खरा उलगडा केला फ्रान्झ बोआस यांनी. मानववंशशास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव ऐकलं असेल. १८९१ साली अमेरिकेतल्या वूस्टर गावी त्यांनी शाळकरी मुलांची मापं घ्यायला सुरुवात केली, तर स्थानिक वर्तमानपत्रानं काहूर माजवलं : हा परका माणूस आमच्या मुलांना हात का लावतो! काम तरीही झालं. बोआस यांचं म्हणणं असं, की प्रत्येक मुलाच्या वाढीला स्वतःची लय असते. एकाच वयाची दोन मुलं त्या वाटेवर वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात. उशिरा निघणारा उशिरा पोचतो, पण त्यामुळे तो बुटकाच राहील असं नाही. मुलांना तर उसळीआधी वाढायला मुलींपेक्षा दोनेक वर्षं जास्त मिळतात, आणि मोठेपणीच्या उंचीतला बराचसा फरक तिथूनच येतो.

तेव्हा दर सहा महिन्यांनी त्याची उंची लिहा. वर्षाला चार सेंटीमीटरही भर पडत नसेल, किंवा चौदा पूर्ण होऊनही वयात येण्याची काही चिन्हं नसतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि फोटोला त्याला खुर्चीवर बसवा.

प्रश्न : मुलगा दूध पीत नाही. "दुधानं उंची वाढते हे शास्त्रानं सिद्ध केलंय" असं मी त्याला रोज सांगतो. तो म्हणतो, पुरावा दाखवा. आहे का?
— एक वडील

मुलगा हुशार दिसतो. पुरावा आहे, पण तो तुम्ही सांगता तितका सरळ नाही.

१९२०च्या दशकात लंडनजवळच्या एका मुलांच्या वसतिगृहात कॉरी मॅन या डॉक्टरांनी प्रयोग केला. नेहमीचं जेवण सगळ्यांना. काही गटांना त्यावर आणखी काहीतरी, कुणाला साखर, कुणाला लोणी, कुणाला रोज दूध. १९२६चा अहवाल सांगतो, की नुसत्या जेवणावरची मुलं वर्षाला सरासरी १.८४ इंच वाढली, दुधावरची २.६३ इंच. नेहमीचं जेवण पुरेसं मानलं जात होतं, हे लक्षात घ्या. पाठोपाठ जॉन बॉइड ऑर यांच्या स्कॉटलंडमधल्या पाहणीतही दुधाच्या बाजूनं कौल आला.

मग कुणाला तरी वाटलं, प्रयोग असा मोठा करू की प्रश्नच उरणार नाही. १९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशरमध्ये ६७ शाळांतली वीस हजार मुलं घेतली. दहा हजारांना रोज पाऊण पाइंट दूध, म्हणजे सव्वाचारशे मिलिलिटर. निम्म्यांना कच्चं, निम्म्यांना पाश्चराइज केलेलं. उरलेल्या दहा हजारांना काही नाही. फेब्रुवारीत मोजलं, जूनमध्ये पुन्हा मोजलं. दूधवाले जास्त वाढले, असा निष्कर्ष निघाला.

आणि मग गिनेसच्या दारूभट्टीत संख्याशास्त्राचं काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी, 'स्टुडंट' या टोपणनावानं, १९३१ साली या प्रयोगाची शिवण उसवून दाखवली. गटांची निवड आधी चिठ्ठ्या टाकून किंवा आडनावांच्या क्रमानं झाली होती. पण एखाद्या गटात फार धष्टपुष्ट किंवा फार हडकुळी मुलं आली आहेत असं वाटलं, तर मुलं बदलायची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकांनी काय केलं असेल? समोर काडीसारखं मूल उभं आहे आणि हातात दुधाचा पेला आहे. मीही तेच केलं असतं. परिणामी बिनदुधाच्या गटातली मुलं सुरुवातीलाच उंचीनं आणि वजनानं पुढे होती.

दुसरी भानगड कपड्यांची. वजन अंगावरच्या कपड्यांनिशी घेतलं होतं. फेब्रुवारीत जाड लोकर, जूनमध्ये सुती. ज्याच्याकडे हिवाळ्याचे वेगळे कपडे आहेत, त्याचं वजन उन्हाळ्यात कपड्यांपुरतं उतरतं; ज्याच्याकडे बारा महिने एकच जोड, त्याचं उतरत नाही. दूध मिळालेल्यांत गरीब मुलं जास्त. म्हणजे वजनातल्या फरकाचा काही भाग दुधाचा आणि काही भाग कोटांचा! कच्चं चांगलं की पाश्चराइज केलेलं, हेही ठरेना, कारण एका शाळेत एकच प्रकार वाटला होता. गॉसेट यांनी सुचवलं, की एकसारख्या जुळ्यांच्या पन्नास जोड्या घेतल्या असत्या तर वीस हजारांपेक्षा भरवशाचं उत्तर मिळालं असतं. वजनकाटा हातात असलेल्या प्रत्येकानं ही हकिकत पाठ करावी, असं माझं मत आहे.

तेव्हा मुलाला असं सांगा : ज्यांच्या पोटात कमी पडतं, त्यांना दुधाचा उपयोग दिसतो. ज्याला बाकी सगळं पोटभर मिळतं, तो दुधाच्या पेल्यामागे धावला नाही तर खुजा राहत नाही.

प्रश्न : आमच्या वर्गात सगळ्यांसमोर वजन मोठ्यानं वाचतात. त्या दिवशी मी शाळेला दांडी मारते. मी चुकते का?
— नववीतली एक मुलगी

नाही गं. आकडा लिहायला एक माणूस लागतो, ऐकायला चाळीस लागत नाहीत. ही गोष्ट कायम पडद्याआड, एकेकाला बोलावून करायची असते. हे उत्तर कापून बाईंना दे. माझं नाव सांग. आणि दांडी मारू नकोस, तुझ्या दोन मापांच्या मधलं एक माप गळलं तर तुझीच रेषा तुटते.

प्रश्न : मुलगा अभ्यासात पहिला, पण डॉक्टरांनी उंचीच्या तक्त्यावर "दहावा पर्सेंटाइल" लिहिलं. हे नापास होण्यासारखंच ना?
— एक पालक

अजिबात नाही. त्याच्या वयाची शंभर निरोगी मुलं उंचीप्रमाणे ओळीत उभी केली, तर हा खालून दहावा, एवढाच अर्थ. कुणीतरी दहावा असणारच. ही पद्धत इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८५ साली वापरात आणली आणि बाउडिच यांनी १८९१ साली शाळकरी मुलांच्या तक्त्यांना लावली. दहाव्या रेषेवर निघालेलं मूल दहाव्याच रेषेवरून चालत असेल, तर ते उत्तम चाललंय. पन्नासाव्यावरचं घसरत दहाव्यावर आलं तर मला झोप लागणार नाही. तक्ता कुठल्या मुलांवरून काढलाय हेही विचारत जा. पाच वर्षांखालच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली दिलेला तक्ता ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या चांगलं पोषण मिळालेल्या मुलांवरून केलाय. पाच ते एकोणीसचा २००७चा तक्ता मात्र बराचसा जुन्या अमेरिकी आकड्यांवर उभा आहे.

प्रश्न : सकाळी १४२ सेंटीमीटर, संध्याकाळी १४१. पट्टी खराब की मूल?
— एक आजोबा

दोन्ही ठीक आहेत, आजोबा. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात, रात्री झोपेत पुन्हा फुगतात. १७२४ सालीच एका इंग्रज पाद्रीबाबांनी हे रॉयल सोसायटीला कळवलं होतं. इंग्लंडमधल्या हार्पेंडेनला जेम्स टॅनर यांच्या अभ्यासात रेजिनाल्ड व्हाइटहाउस वर्षानुवर्षं मुलं मोजत. ते कानामागे हात लावून मुलाचं डोकं अलगद वर उचलत, म्हणजे दिवसाची ही तूट भरून निघे. घरी तेवढं नको. वेळ एकच ठेवा, पाय अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर, वेणी किंवा अंबाडा सोडलेला, डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात. दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहा. पुढचं माप सहा महिन्यांनी; दर रविवारी मोजत बसू नका, पुस्तक हललं म्हणून नातू वाढल्यासारखा वाटेल.